तळ्यातला बास: ल्यूर बदलण्याआधी उभं राहायची जागा बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला एका वसाहतीत राहणारे एक गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन मेअखेरीपासून सहा शनिवार घरामागच्या तळ्यावर बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) धरायला जात आहेत. तळं दीडेक एकराचं, मधोमध कारंजं, एका कडेला पाणकणीस माजलेलं, पाणी चहासारखं गढूळ. वेळ सकाळी दहा ते बारा. दुकानातून रॉड-रीलचा तयार संच आणि शंभर नगांचा ल्यूरचा, म्हणजे नकली आमिषांचा, डबा घेतला आहे. मध्यभागी मासे उड्या मारताना दिसतात, पण आजवर एकही बास गळाला लागलेला नाही. "नेमका कोणता ल्यूर घेऊ?" असं त्यांनी विचारलं आहे.

ल्यूरचं उत्तर खाली देतोच, पण तुमच्या अडचणींच्या यादीत ल्यूर चौथ्या नंबरावर आहे. पहिली अडचण वेळेची, दुसरी तुम्ही कुठे उभे राहता आणि कुठे फेकता याची, तिसरी लाईन आणि गळाची. या तिन्ही तशाच ठेवून नवा ल्यूर घेतलात तर डब्यात एकशे एकावा नग वाढेल, एवढंच.

त्याआधी एक खात्री करून घ्या. वसाहतीतली बरीच तळी मुळात पावसाचं पाणी साठवण्यासाठी खणलेली असतात. त्यात बास आहे की नाही, हे कोणी सोडला आहे का यावर ठरतं. मध्यभागी भर दुपारी उड्या मारणारा मासा बहुतेक वेळा कार्प असतो. बासची खूण वेगळी: काठाजवळ अचानक पाणी फुटतं आणि बारीक मासे चारी दिशांना उधळतात. पोलराइज्ड चष्मा लावून उन्हात काठाने एक फेरी मारा. बोटभर लांबीची, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा असलेली पिल्लं दिसली तर लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा, बास बहुधा आहे. मोठा मासा हाती आला तर त्याचं तोंड पाहा. मिटलेल्या तोंडाची कड डोळ्याच्या मागे गेलेली असेल तर तो लार्जमाउथ.

आता वेळ. जूनअखेर आणि जुलैत डॅलसला सूर्य साधारण साडेसहाच्या आत उगवतो आणि रात्री साडेआठनंतर मावळतो. उथळ तळ्याचं पाणी या दिवसांत तीस अंश सेल्सिअसच्या वर जातं. दहा वाजता तुम्ही पोचता तोवर बास खाऊन सावलीत शिरलेला असतो. सकाळी सव्वासहा ते साडेआठ किंवा संध्याकाळी साडेसात ते अंधार पडेपर्यंत, या दोन वेळा धरा. यातही एक फरक आहे. पाणी गर्द हिरवं असेल, शेवाळ दाट असेल, तर संध्याकाळ जास्त चांगली. वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्रभर तो वापरतात, त्यामुळे अशा तळ्यात पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो आणि मासा मलूल असतो. तुमच्याकडे कारंजं चालू असतं म्हणून सकाळही चालेल, आणि ज्या दिवशी पहाट रिकामी जाईल त्या दिवशी कारंज्याच्या जवळचं पाणी आधी तपासा.

दुसरा मुद्दा सगळ्यात मोठा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. नवा माणूस तळ्यावर येतो, अगदी पाण्याला लागून उभा राहतो आणि जीव खाऊन मध्यभागी फेकतो. मोठ्या जलाशयात होडीतून फेकणारे लोक काठाकडे फेकतात, आणि काठावरचे लोक मध्याकडे. यातले होडीवाले बरोबर आहेत. तळ्यात बासचं खाणं काठाला असतं: ब्लूगिल या लहान चपट्या माशाची पिल्लं, क्रॉफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी), बेडूक, चतुरांच्या अळ्या. सावली काठाला, गवत काठाला, दबा धरायला आडोसाही काठालाच. बास हा पाठलाग करून दमणारा मासा नाही. तो आडोशाला थांबतो, भक्ष्य टप्प्यात आलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो.

उन्हाळ्यात खोल पाण्याचा भरवसाही नसतो. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं आणि दोन्ही थर मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पाला तिथला ऑक्सिजन संपवतो. बऱ्याच तळ्यांत जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा फुटांखाली मासा राहूच शकत नाही. म्हणजे "ऊन आहे, मासा खोल गेला असेल" हा अंदाज नदीत किंवा मोठ्या जलाशयात कधी खरा ठरेल, तुमच्या तळ्यात बहुधा नाही. तो खोल न जाता सावलीत जातो.

म्हणून असं करा. पाण्यापासून दहा-बारा फूट मागे, गवतावरच थांबा. पाय आपटू नका, मुलालाही हे आधी समजावून सांगा, कारण जमिनीचा हादरा माशाला अंगावरच्या रेषेतून कळतो. आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशी बाजू निवडा. पहिला फेक काठाला समांतर, डावीकडे, काठापासून दोन-तीन फुटांवर. दुसरा तसाच उजवीकडे. मग हळूहळू कोन वाढवत जा आणि मध्यभागी फेकायचं ते सगळ्यात शेवटी. आठ-दहा फेकांत काही हाललं नाही तर वीस पावलं पुढे सरका. एकाच ठिकाणी दोन तास उभं राहणं कॅटफिशला चालतं, बासला नाही.

तुमच्या तळ्यात चार जागा मी आधी तपासेन. पाणकणसाची बाहेरची कड, विशेषतः जिथे ती आत वळते किंवा तुटते ते खिंडार. पावसाचं पाणी आत येतं त्या पाइपाचं तोंड, आणि पाऊस पडून गेल्यावर तर तिथूनच सुरुवात. पाणी बाहेर जायचा काँक्रीटचा चौथरा, कारण त्याच्या सावलीची बाजू दुपारीसुद्धा रिकामी नसते. आणि बांध जिथे मूळ जमिनीला मिळतो ते दोन कोपरे. टेक्सासचे शेतकरी शेततळ्याला टँक म्हणतात, त्या टँकवरही हेच कोपरे आधी धरतात.

आता सामान. तयार संच फेकून देण्याची गरज नाही. साडेसहा ते सात फूट लांबीचा, मीडियम ताकदीचा स्पिनिंग रॉड आणि २५०० आकाराची रील असेल तर तो या तळ्याला पुरेसा आहे. बदलायची आहे ती लाईन. संचासोबत येणारी लाईन महिनोन्‌महिने स्पूलवर बसून स्प्रिंगसारखी झालेली असते. ती वेटोळ्यांनी सुटते, लांब जात नाही आणि हलका झटका हातापर्यंत पोचूच देत नाही. स्वस्तात काम करायचं तर आठ पौंडांची मोनोफिलामेंट, म्हणजे आपल्याकडचा तंगूस, नवी भरा. दहा डॉलर जास्त घालणार असाल तर पंधरा पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, आणि तिच्या टोकाला चार-पाच फूट दहा पौंडांचा फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी लाईन) दोन लाईन जोडायच्या डबल युनी गाठीने जोडा. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून तीनेक मिलिमीटर कमी ठेवा. आणि फेकल्यावर बेल, म्हणजे रीलवरची उघडझाप होणारी तार, हँडल फिरवून बंद न करता हाताने बंद करा. नव्या लोकांच्या रीलवर होणारे निम्मे गुंते या एका सवयीने थांबतात.

गाठ पालोमार. लाईन दुहेरी करा, तो फासा गळाच्या डोळ्यातून काढा, फाशाने साधी सैल गाठ मारा, आता फासा पूर्ण गळावरून घाला, थुंकीने ओला करा आणि लाईनची दोन्ही टोकं सावकाश ओढून घट्ट करा. कोरडी ओढली तर घर्षणाने लाईन भाजते आणि पहिल्याच चांगल्या माशाला तिथेच तुटते. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, असा ठेवा की हाताने दमदार ओढ दिली तर लाईन सुटेल. आठ पौंडांच्या लाईनला दोन-अडीच पौंडांची ओढ पुरे.

आता ल्यूर. तुमच्या डब्यातले तिहेरी गळांचे क्रँकबेट, म्हणजे कडक माशाच्या आकाराचे ल्यूर, बाजूला ठेवा. शेवाळाच्या तळ्यात ते दर फेकीला हिरवी दाढी घेऊन परत येतात, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या मागेपुढे तिहेरी गळ फिरवणं धोक्याचंही आहे. मी तुम्हाला दोनच गोष्टी घ्यायला सांगेन: पाच इंची मऊ प्लास्टिकची काडी, जिला दुकानात स्टिक वर्म किंवा सेन्को म्हणतात, आणि सात इंची लांब शेपटीचं प्लास्टिकचं गांडूळ. बाकी सगळं नंतर.

काडी वॅकी पद्धतीने लावा. काडीच्या बरोबर मधोमध रबराची छोटी ओ-रिंग चढवा आणि १/० आकाराचा, शक्यतो गवतात अडकू नये म्हणून तार लावलेला गळ त्या रिंगखालून घाला. रिंग न लावता थेट प्लास्टिकात घातलात तर दोन-तीन फेकांत काडी फाटते. शिसं लावायचं नाही. फेका आणि काहीही करू नका. काडी आडवी, दोन्ही टोकं थरथरवत सावकाश खाली जाते, आणि बास तिला घेतो तो याच उतरणीत. तळाला लागली की रॉडचं टोक हातभर उचला, परत ढिली लाईन देऊन पडू द्या. दोनदा-तीनदा असं करून गुंडाळून घ्या आणि पुढे फेका. लोकांची चूक इथेच होते: लाईन ताणून धरतात, मग काडी सरळ न पडता झोपाळ्यासारखी आपल्याकडे ओढली जाते आणि ती थरथर मरते. दुसरी चूक म्हणजे सतत गुंडाळत राहणं.

गांडूळ टेक्सास पद्धतीने लावा, ती गवतासाठी. लाईनवर आधी ३.५ ग्रॅमचं, म्हणजे १/८ औंसाचं, गोळीच्या आकाराचं शिसं, टोक रॉडकडे करून ओवा. मग ३/० आकाराचा, मानेला वाक असलेला रुंद पोटाचा गळ बांधा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात सरळ सेंटिमीटरभर आत घाला आणि बाजूने बाहेर काढा. गळ ओढत आणा, डोळा डोक्यात लपेपर्यंत. मग गळ अर्धा वळवा, गांडुळाच्या अंगाला लावून टोक कुठे येतं ते बघा, त्याच जागी ते आरपार घाला आणि वरच्या कातडीत जेमतेम लपवा. आता गांडूळ हवेत धरून पाहा. ते सुतासारखं सरळ लोंबलं पाहिजे. कुठे कुबड आलं असेल तर काढून परत लावा. कुबड असलेलं गांडूळ पाण्यात भोवऱ्यासारखं फिरतं, लाईनला पीळ पडतो आणि मासा त्याकडे पाठ फिरवतो. पाणकणसाच्या कडेला एक फुटाच्या आत टाका, तळाला जाऊ द्या, मग वीतभर उचला आणि पडू द्या. शिसं १/४ औंसाहून जड घेऊ नका. जड शिसं गढूळ तळाच्या चिखलात रुतून बसतं.

रंगावर फार डोकं खपवू नका. चहासारख्या पाण्यात काळा-निळा किंवा गर्द जांभळा, कारण गढूळ पाण्यात माशाला रंगाआधी आकाराची कड दिसते. पाणी निवळलं तर ग्रीन पंपकिन नावाचा हिरवट रंग. तीन रंगांपलीकडे या तळ्यासाठी खर्च नको.

चावा ओळखणं हे शिकायला सगळ्यात अवघड. ढिल्या लाईनवर झटका हाताला लागेलच असं नाही, म्हणून डोळे लाईन पाण्यात शिरते त्या जागेवर ठेवा. लाईन उडी घेते, बाजूला सरकू लागते, किंवा तळ यायच्या आधीच थांबते. तिन्ही वेळा मासा आहे असं समजा. वॅकीला जोरात उपसू नका: ढील गुंडाळा, वजन लागलं की रॉड बाजूला ओढत गुंडाळत राहा. टेक्सासला मात्र टोक प्लास्टिक फोडून बाहेर यायचं असतं, तेव्हा ढील संपवून वरच्या दिशेने ठाम झटका द्या. आणि वाट पाहत बसू नका. चार-पाच सेकंद थांबलात तर काडी घशाखाली जाते आणि सोडलेला मासा वाचेलच असं नाही.

तिसरी वस्तू घ्यायचीच झाली तर १/४ औंसाचा स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या धातूच्या पात्याचा ल्यूर, गोल कोलोरॅडो पात्याचा. गढूळ पाण्यात त्या पात्याची धडधड माशाला दुरून लागते. वारा असेल, पाण्यावर लहरी असतील, तेव्हा तो काठाला समांतर, पात्याची थरथर हाताला लागेल एवढ्याच वेगाने ओढा. शेवाळाचा थर पसरला असेल तर त्यावर पोकळ रबरी बेडूक चालतो. महाराष्ट्रात ज्यांनी मरळ धरली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल, मरळही पानांखालून अशीच धडक मारते. पण त्यासाठी पन्नास पौंडांची ब्रेड आणि कडक रॉड लागतो. तुमच्या सध्याच्या संचावर बेडूक वापराल तर मासा शेवाळात डोकं खुपसेल आणि तुम्ही दहा किलो शेवाळ ओढत बसाल. सध्या तो खर्च टाळा.

एक गोष्ट परिस्थितीवर आहे: वसाहतीतल्या तळ्यावर रोज माणसं फेकत असतील तर तिथला बास प्लास्टिक ओळखू लागतो. दोन आठवडे वर सांगितलेलं नीट करूनही काही नाही, तर आकार लहान करा. पावणेतीन इंची काडीचा तुकडा १/१० औंसाच्या छत्रीसारख्या चपट्या जिगवर, ज्याला नेड रिग म्हणतात, तळावरून इंचाइंचाने सरकवा. मासा लहान मिळेल, पण मिळेल.

मुलाच्या हातात मात्र पहिल्या दिवशी बासचा रॉड देऊ नका. दहा वर्षांच्या मुलाला सहा शनिवार रिकाम्या हाताने परतायला लावलं तर सातव्याला तो येणार नाही, आणि ते मला माशापेक्षा जास्त लागतं. त्याला आठ नंबरचा बारीक गळ, त्याच्या वर वीतभरावर शिशाचा एक दाणा, दीड-दोन फुटांवर छोटा फ्लोट आणि गांडुळाचा जेमतेम गळ झाकेल एवढा तुकडा द्या. अख्खं गांडूळ लोंबतं ठेवलं तर ब्लूगिल टोकं तोडून नेतात. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाका, म्हणजे मासाही सहज सुटतो आणि बोटात गेला तर बोटही. ब्लूगिल कुठे जमतात ते तो शोधेल, आणि बास त्यांच्याच आसपास असतो.

म्हणजे या शनिवारसाठी क्रम असा: सव्वासहाला पोचणं, नवी आठ पौंडी लाईन, पाण्यापासून दहा फूट मागे, समांतर फेक, वॅकीवर काळी-निळी काडी, पाणकणसाला टेक्सास. यात एकही गोष्ट महाग नाही.

कायद्याचंही बघून घ्या. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाला लायसन्स लागत नाही, तुम्हाला लागतं, आणि नेहमीचं वार्षिक लायसन्स कधीही घेतलं तरी ३१ ऑगस्टला संपतं. तळं वसाहतीच्या मालकीचं असेल तर त्यांच्या समितीची परवानगी वेगळी. सराव करायला राज्य उद्यानं उत्तम, तिथे काठावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही. लार्जमाउथची राज्यातली सर्वसाधारण मर्यादा चौदा इंच आणि दिवसाला पाच, पण काही पाण्यांना वेगळे नियम आहेत, म्हणून तिथली पाटी वाचा.

काठावर बसण्याआधी जमीन पाहा. मऊ मातीचा लहान ढिगारा दिसला तर ते लाल अग्निमुंग्यांचं वारूळ असू शकतं आणि मूल त्यावर उभं राहिलं तर काही सेकंदांत पायभर चढतात. पाणकणसात हात घालू नका. तिथे विषारी कॉटनमाउथ साप असू शकतो. अडकलेली काडी तोडून द्या.

आणि मासा लागला की काय करायचं ते. बासला टोकदार दात नसतात, खालचा जबडा अंगठा आणि तर्जनीत धरा. लहान मासा उभा धरला तर चालतो. दोन पौंडांच्या वरचा कधीही जबड्याने आडवा धरू नका, जबड्याचा सांधा निखळतो. दुसरा ओला हात पोटाखाली द्या. सुक्या हाताने किंवा टॉवेलने धरला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. जुलैच्या तापलेल्या पाण्यात तो आधीच धापा टाकत असतो, म्हणून फोटोची तयारी मासा पाण्यात असतानाच करा आणि अर्ध्या मिनिटात सोडा. गळ घशात खोल गेला असेल तर खेचू नका, लाईन गळाजवळ कापून सोडून द्या. फाटलेल्या काड्या खिशात घाला, पाण्यात टाकू नका. त्या माशाच्या पोटात गेल्या की फुगतात आणि बाहेर पडत नाहीत.